एक मिलिमीटरची फट आणि शाळेतला शेगडा

विद्यार्थी मित्रांनो, एक कोडे घालतो. तुमच्यापुढे तीन मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी पोलादाची पट्टी आहे. तिच्या एका कडेपासून आत वीस मिलिमीटर खोल, सरळ आणि अरुंद फट पाडायची आहे. फटीची रुंदी एक ते दोन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. मिलिंग यंत्र जवळ नाही. काय कराल?

हे कोडे मी अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत बऱ्याच हुशार मुलांना घालून पाहिले आहे. आजकाल उत्तर एकच येते : "लेसरवाल्याकडे देऊ." उत्तर चूक नाही. साकीनाका, मरोळ, कांदिवली येथील औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांतून लेसरने पत्रा कापून देणारे पुष्कळ आहेत. संगणकावरचे चित्र त्यांना दिले की थोड्या वेळात काम हातात पडते. तरीही हे उत्तर ऐकून मला बरे वाटत नाही. का वाटत नाही ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मुंबईच्या प्रत्येक शाळेत निदान एक शेगडा, एक हॅकसॉ आणि चार कानशी असाव्यात. आणि दहावी होण्यापूर्वी प्रत्येक मुलाने व मुलीने पोलादात एक तरी फट स्वतःच्या हाताने पाडलेली असावी.

आता प्रथम ही फट इतकी अवघड का, ते पाहू. रुंद खाच पाडणे सोपे असते. खाच अरुंद होत जाते तसतसे काम बिकट होते. कारण उघड आहे. एक मिलिमीटरच्या फटीत जाणारे हत्यारही एक मिलिमीटरपेक्षा पातळच हवे. आणि पातळ वस्तू वाकते. किती वाकते याचा नियम मोठा कडक आहे. पट्टीची जाडी निम्मी केली तर तिचा वाकण्याला होणारा विरोध निम्मा होत नाही, एक अष्टमांश होतो. जाडी एक तृतीयांश केली तर विरोध एक सत्तावीसांश! म्हणजे हा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. तुमच्या कंपासपेटीतली पोलादी मोजपट्टी घ्या. ती सपाट धरून वाकवा, सहज वाकेल. मग तीच उभ्या कडेवर धरून वाकवायला जा. जमत नाही ना? हॅकसॉच्या पात्याचेही तेच आहे. पाते साधारण साडेबारा मिलिमीटर रुंद आणि सुमारे 0.65 मिलिमीटर जाड असते. कापण्याच्या दिशेने ते जितके ताठ, त्याच्या साडेतीनशे पटींहूनही अधिक लवचीक ते आडव्या दिशेने असते. गणित करून पाहा : साडेबाराला 0.65 ने भागायचे आणि येणाऱ्या भागाकाराचा वर्ग करायचा.

तेव्हा अरुंद फट पाडण्याच्या जितक्या म्हणून युक्त्या आहेत, त्या सर्व एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत : पातळ हत्यार सरळ कसे ठेवायचे?

हॅकसॉचे उत्तर म्हणजे ताण. चौकटीच्या टोकाची नटाची मूठ फिरवून पाते ताणले की ते सतारीच्या तारेसारखे ताठ होते. ढिले पाते हमखास तिरके जाते, आणि एकदा तिरके गेले की परत सरळ येत नाही. पात्याचे दाते पुढच्या दिशेने असतात; म्हणून दाब पुढे जाताना द्यायचा आणि मागे येताना हात हलका ठेवायचा. हे दातेही सरळ रेषेत नसतात. ते किंचित डावी-उजवीकडे वाकवलेले, किंवा बारीक दात्यांच्या पात्यात नागमोडी बसवलेले असतात. त्यामुळे फट पात्यापेक्षा जराशी रुंद पडते आणि पाते त्यात अडकून बसत नाही. एका पात्याची फट साधारण एक मिलिमीटरच्या आसपास येते. याहून रुंद हवी असेल तर एकाच चौकटीत दोन पाती शेजारी शेजारी बसवतात. ही युक्ती मला फार आवडते. पुस्तकात ती क्वचितच आढळेल, पण कोणत्याही जुन्या जोडाऱ्याला ती ठाऊक असते. (फिटरला आपल्या आय.टी.आय.मध्ये जोडारी म्हणतात, आणि शब्द सुंदर आहे.) पाते निवडताना दाते मोजावेत. पट्टीच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते टेकलेले असले पाहिजेत, नाहीतर एकेक दाता कडेत अडकून मोडतो. आपल्या तीन मिलिमीटरच्या पट्टीला इंचाला बत्तीस दात्यांचे पाते चांगले.

पण फट कडेला न उघडता पट्टीच्या मधोमध, दोन्ही टोकांना बंद अशी हवी असेल तर? मग सोनाराची बारीक करवत उपयोगी पडते. तिचे पाते दोऱ्यासारखे असते. आधी एक लहान भोक पाडायचे, पाते एका टोकाने सोडवून भोकातून ओवायचे आणि पुन्हा ताणून बसवायचे. पातळ मऊ पोलादावर हे चालते, मात्र चिकाटी हवी. फट थोडी रुंद असली तर एका ओळीत भोके पाडून त्यांच्यामधल्या भिंती छिन्नीने उडवतात आणि उरलेले कंगोरे कानशीने साफ करतात. लेथ असेल तर आणखी एक वाट आहे. पुलीच्या भोकात चावी बसण्यासाठी जी आडवी खाच लागते, ती लहान गाळ्यांत अनेकदा लेथवरच काढतात. लेथ फिरवायचाच नाही! पुली पक्की अडकवून ठेवायची आणि हत्यार हाताने पुढेमागे सरकवत दर फेरीला केसाएवढे पोलाद खरवडायचे. यंत्र जे करण्यासाठी बनवले तेच त्याने करावे असा नियम कोठे आहे?

कानशीविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. करवतीने पडलेली फट ही कच्ची फट. तिच्या बाजू सरळ आणि समांतर करण्याचे काम कानशीचे. अरुंद खाचांसाठी खास पातळ चपटी कानस मिळते. तिला वॉर्डिंग कानस म्हणतात. कुलपाच्या आत चुकीच्या किल्लीला अडवणारे जे कंगोरे असत त्यांना वॉर्ड म्हणत, आणि किल्लीत त्यांच्यापुरत्या खाचा पाडणारी म्हणून ही कानस. उपनगरातल्या रेल्वे स्थानकांबाहेर किल्ल्यांचा जुडगा टांगून बसलेला चावीवाला पाहा. कोरी किल्ली आणि तुमची किल्ली एकत्र धरून तो कानशीचे चार-सहा हात मारतो, उजेडाकडे धरून पाहतो, परत दोन हात मारतो. तो मोजपट्टी वापरत नाही. मोजमाप त्याच्या बोटांत असते. काही जण किल्लीची नक्कल करणारे विजेचे लहान यंत्रही बाळगतात. पण मूळ किल्लीच हरवली असेल तर यंत्र कशाची नक्कल करणार? तेथे कानसच लागते.

कुलपांची गोष्ट निघाली आहे तर आणखी एक सांगतो. लंडनमधील जोसेफ ब्रामा याने 1784 मध्ये एका नव्या कुलपाचे पेटंट घेतले. त्याच्या आत लहान लहान सरकत्या पट्ट्या होत्या आणि त्या पट्ट्यांत नेमक्या जागी अरुंद खाचा. किल्ली घातली की सर्व खाचा एका रेषेत येत आणि कुलूप फिरे. कल्पना उत्तम होती, पण हाताने अशा खाचा पाडायच्या म्हणजे वेळ आणि खर्च दोन्ही अफाट. 1789 मध्ये ब्रामाने हेन्री मॉडस्ले नावाच्या अठरा वर्षांच्या कारागिराला कामावर घेतले. या पोराने खाचा पाडण्यासह कुलपाचे भाग बनवणारी यंत्रेच तयार केली. पुढे तो इंग्लंडमधला सर्वांत मोठा यंत्रनिर्माता झाला. त्याची ख्याती आधी कशासाठी होती? कानस चालवण्यासाठी. यंत्र कोठे सरळ चालले पाहिजे, कोठे किती जागा सोडली पाहिजे, हे त्याला आधी हातांनी कळले होते. (ब्रामाचे कुलूप उघडून दाखवणाऱ्याला 200 गिनींचे बक्षीस होते. ते 1851 मध्ये हॉब्ज या अमेरिकनाने जिंकले. पन्नासहून अधिक तास खपून!)

लंडनहून आपल्या विक्रोळीला येऊ. घाटकोपरच्या पुढचेच स्थानक. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 मध्ये झाली. तेव्हाच्या मतदारांपैकी बहुसंख्य निरक्षर होते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, अशी व्यवस्था होती. साहजिकच पोलादी पेट्या प्रचंड संख्येने लागल्या. त्यांतल्या बारा लाखांहून अधिक पेट्या गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात 1951 मध्ये तयार झाल्या. प्रत्येक पेटीचा जीव कशात? तिच्या फटीत! फट एवढी हवी की घडी घातलेला कागद आत जावा, आणि एवढी अरुंद हवी की आतला कागद बाहेर काढता येऊ नये. लोकशाहीचे सारे गांभीर्य त्या पोलादातल्या फटीवर उभे होते, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

आता हिशेब करा. एक फट हाताने पाडायला अर्धा तास लागतो असे धरू. बारा लाख फटींना सहा लाख तास. दिवसाचे आठ तास काम केले तर पंचाहत्तर हजार दिवस. वर्षाला तीनशे कामाचे दिवस धरले तर एका माणसाला अडीचशे वर्षे! मी हातकामाचा कैवारी असलो तरी गणिताचा शत्रू नाही. लाखो फटी हाताने पाडा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पातळ पत्र्यात एकच आकार पुनःपुन्हा काढायचा तर त्याला ठोकयंत्रच, म्हणजे प्रेसच हवा. खाली त्या आकाराचे छिद्र असलेली डाय, वर त्याच आकाराचा पंच, मध्ये पत्रा. एक दणका, एक फट. पातळ हत्यार न वाकण्याचे प्रेसचे उत्तर असे की पंच आखूड ठेवायचा, भक्कम पकडायचा आणि अगदी सरळ खाली आणायचा.

पण मित्रांनो, ती डाय कोणी बनवली? डायमधले ते अरुंद छिद्र कोणत्या प्रेसने पाडले? हा प्रश्न मुलांनी विचारावा अशी माझी फार इच्छा असते, आणि तो क्वचितच कोणी विचारतो. त्या काळी उत्तर असे होते : ओळीने भोके पाडून, करवतीने कापून आणि अखेर कानशीने घासून. पंच आणि डाय यांच्यामध्ये अगदी थोडी मोकळी जागा सोडावी लागते. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यासाठी ती एका बाजूला एक विसांश मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहूनही कमी असते. डाय बनवणारा कारागीर पंचाला निळा रंग लावून डायमध्ये बसवून पाही. जेथे रंग लागे तेथे घासायचे, मागे दिवा धरून उजेडाची रेघ सारखी दिसते का ते बघायचे. यंत्राच्या एका दणक्यामागे असे हात असत.

आज ते काम तार करते, हेही खरे. सोव्हिएत शास्त्रज्ञ लाझारेंको पतिपत्नींनी 1943 मध्ये विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून आकार देण्याची पद्धत शोधली. तिच्यातूनच पुढे वायरकट यंत्र आले. पाव मिलिमीटर जाडीची पितळी तार पाण्यात पोलादाजवळून जाते, पण त्याला टेकत नाही. दोहोंमध्ये सूक्ष्म ठिणग्या उडतात आणि पोलादाचे कण वितळून जातात. जोर लावायचाच नाही, त्यामुळे वाकण्याचा प्रश्नच नाही. जाडीच्या घनाचा तो कडक नियम या यंत्राने मोडला नाही, नुसता बाजूला ठेवला. मला तर ही युक्ती लेसरपेक्षाही चतुर वाटते. पण ती चतुर आहे हे कळणार कोणाला? ज्याचे पाते एकदा तरी वाकून तिरके गेले आहे, त्याला. इतरांना ते आणखी एक यंत्र.

माझा लेसरवर राग नाही. राग आहे तो "देऊ कोणाला तरी" या सवयीवर. आपल्याकडे डोक्याने काम करणारा वरचा आणि हाताने करणारा खालचा, ही समजूत फार जुनी आणि फार खोल आहे. तिची किंमत आपण कारागिरांना कमी मानून मोजली आणि शिकलेल्यांना पांगळे करूनही मोजली. आपल्या शाळेतला पहिल्या नंबराचा मुलगा अभियंता होतो. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी कार्यशाळेत तो आयुष्यात प्रथमच कानस हातात धरतो, ती दोन्ही दिशांना घासतो, आणि तासाभरात कंटाळून कोणाकडून तरी काम पुरे करून घेतो. त्याला गुण मिळतात. ती फट मात्र त्याची नसते.

हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा असावा, असा आग्रह धरला. 1964-66 च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. त्या कार्यानुभवाचे पुढे काय झाले ते तुमच्या आईबाबांना विचारा. बहुतेक ठिकाणी क्रेप कागदाची फुले आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे घर. फुलांना माझा विरोध नाही, परंतु क्रेप कागद कधीच तुम्हाला "नाही" म्हणत नाही. पोलाद म्हणते. चुकले की चुकलेले दिसते आणि तसेच राहते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना कारागिरांजवळ घालवण्याची कल्पना आहे, आणि हस्तव्यवसायांच्या यादीत धातुकाम हा शब्द चक्क छापलेला आहे. त्या दहा दिवसांचीही फुले होऊ नयेत, एवढ्यासाठी ही धडपड.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, मुलांना इजा होईल. होऊ शकते, म्हणून नियम शिकवायचे. मूठ नसलेली कानस कधीही वापरू नये. तिचे टोक तळहातात घुसते. लोखंडाचा कीस तोंडाने फुंकू नये. तो डोळ्यात जातो. त्यासाठी ब्रश ठेवावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. कापलेल्या कडेवर बोट फिरवू नये, तेथे ब्लेडसारखी धार आलेली असते. ती आधी कानशीच्या हलक्या हाताने मोडावी. रोज गर्दीच्या वेळी लोकल गाडीत चढणाऱ्या मुलांना एवढे जमणार नाही असे मी मानत नाही. दुसरा आक्षेप : शिकवणार कोण? उपनगरांत शिक्षक शोधायला लांब जावे लागत नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कितीतरी कारखाने बंद झाले, तेथे आज उंच इमारती आहेत. पण त्या कारखान्यांतून निवृत्त झालेले जोडारी आणि डायमेकर भांडुप, मुलुंड, घाटकोपरच्या चाळींत आणि सोसायट्यांत राहतात. त्यांच्यापैकी कोणाला तरी आजवर एखाद्या शाळेने सन्मानाने बोलावले असेल का? आणि घाई केली पाहिजे. हे आजोबा कायम राहणार नाहीत, आणि त्यांच्या बोटांतले मोजमाप कोठे लिहून ठेवलेले नाही.

तुम्ही करून पाहणार असाल तर असे करा. मऊ पोलादाची पट्टी घ्या, दुकानात नुसते "एम. एस." म्हटले तरी देतात. तिच्यावर रंग फासून सुईसारख्या टोकाने दोन समांतर रेघा ओढा, दोन मिलिमीटर अंतरावर. हॅकसॉमध्ये दोन पाती बसवा. पट्टी शेगड्यात अशी पकडा की रेघा उभ्या राहतील आणि काप शेगड्याच्या जबड्याजवळ येईल, म्हणजे पट्टी थरथरणार नाही. मिनिटाला पन्नासएक हात पुरे. घाईने पाते तापते आणि दाते बोथट होतात. मग पातळ कानस, आणि ती जाईना तर पातळ पत्र्याच्या पट्टीला गुंडाळलेला एमरी कागद. शेवटी दोन मिलिमीटर जाडीचा एक तुकडा फटीत सरकवून पाहा. तो अडकता कामा नये आणि डुगडुगताही कामा नये. पहिल्या खेपेला तो बहुधा डुगडुगेल. दुसरी पट्टी घ्या.

राहता राहिला शेगडा बसवण्याचा प्रश्न. जिन्याखालची जागा चालेल, उजेड मात्र भरपूर हवा. बाक जड आणि भिंतीला पक्का केलेला असावा. शेगड्याच्या जबड्याची वरची कड काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीवर यावी, असा जुना दंडक आहे. तो मोठ्या माणसांच्या मापाचा आहे. सहावीच्या मुलामुलींसाठी पायाखाली एक लाकडी पाट ठेवावा लागेल.